लेन्ससमोरचा हात

गनी होडेकरला इंग्लिश वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा राडा त्याच्यावरूनच झाला. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. जयगडला बाप होड्या बांधायचा, हा रंधा मारायचा. मास्तर घरी बोलवायला आले की गनी उलट्या घातलेल्या होडीखाली जाऊन लपायचा. मास्तर त्याच होडीला टेकून बापाबरोबर चहा प्यायचे, अर्धा-अर्धा तास, आणि खाली गनी श्वास धरून. मास्तरांना सगळं माहीत होतं असं गाव म्हणतं. गनी म्हणतो, शक्यच नाही.

आता त्याचं वय अडुसष्ट. शारजात रोल्लाला मुलाच्या, राहिलच्या फ्लॅटमध्ये राहतो. येत्या बुधवारी तो आणि बायको रुकय्या कायमचे गावाला निघालेत. चव्वेचाळीस वर्षं झाली, खलास. बॅगा भरून झाल्या, दोनदा वजन करून झालं, रुकय्यानं चार पातेली काढली आणि पुन्हा घातली. राहिले फक्त पलंगाखालचे सहा पत्र्याचे डबे.

त्या डब्यांत एक पिक्चर आहे. शंभरेक वर्षांचा, मुका. माणसं तोंड हलवतात पण आवाज नाही. मधेमधे काळ्या पाट्या येतात आणि कोण काय बोललं ते पाटीवर लिहिलेलं असतं. इंग्लिशमध्ये.

गनीकडं तो आला कसा, ते ऐका. अठ्ठ्याऐंशी साली गनी एका कंपनीत ऑपरेटर होता. व्हॅनमध्ये प्रोजेक्टर टाकायचा आणि दर शुक्रवारी एका लेबर कॅम्पला जाऊन हिंदी पिक्चर दाखवायचा. मुसफ्फाच्या कॅम्पवर एक गोरा इंजिनियर होता, तो नोकरी सोडून मायदेशी निघाला तेव्हा त्यानं हे डबे गनीच्या हातात ठेवले. काहीतरी बोलला बराच वेळ. गनी म्हणाला, "यस सर." बस. एवढीच लिखापढी.

मग एका शुक्रवारी हिंदी पिक्चरचे डबे आलेच नाहीत. दीडशे माणूस चटयांवर बसलेलं, मल्याळी, पठाण, बंगाली, आपले रत्नागिरीचे. शिट्ट्या सुरू झाल्या. गनीनं गोऱ्याचं पहिलं रीळ चढवलं आणि माईक हातात घेतला. मुका पिक्चर, मग बोलायचं कुणीतरी ना? पाट्या वाचता येईनात म्हणून चेहरे बघून सांगत गेला. दोन भाऊ आहेत. म्हातारी आई आहे. लढाई लागते, दोघं जातात. खंदकात पाणी भरतं तेव्हा एक म्हातारा शिपाई त्यांना नुहनबीची, म्हणजे बायबलातल्या नोहाची, गोष्ट सांगतो, आणि मग पडद्यावर तीच गोष्ट सुरू होते. बोट, जनावरं, पूर. असा पूर की पुढच्या रांगेतल्या माणसांनी पाय वर घेतले.

आणि तिथंच गडबड झाली. दाढीवाला म्हातारा पडद्यावर आला तसा एक पठाण उभा राहिला. "ये क्या है? नबी का चेहरा दिखाता है?" बरोबरच होतं त्याचं. नबीचं, म्हणजे पैगंबराचं, चित्र काढायचं नसतं, तर पिक्चर कसला दाखवतोस? मागची चाळीस माणसं उठायला लागली. गनीनं विचारबिचार काही केला नाही. फाटकन लेन्ससमोर तळहात धरला. पडदा काळा. कडेनं बोटांतून थोडी लाल लाल धग. आणि माईकवर तो बोलत राहिला, आईनं जयगडला सांगितलेली नुहनबीची गोष्ट, जशीच्या तशी. पठाण खाली बसला.

तेव्हापासून तीच रीत पडली. नबी पडद्यावर यायच्या आधी अर्धा सेकंद गनीचा हात लेन्ससमोर. अख्ख्या पिक्चरमध्ये अकरा वेळा. कॅम्पातली पोरं मोजायची, एखाद्या वेळी दहाच झाले तर ओरडायची, "गनीभाई, एक बाकी!"

हे सगळं आठवायचं कारण गुणवंत साठे. मूळ पुण्याचा माणूस, दुबईत अल मनखूलला राहतो, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तिथल्या मराठी लोकांचे कार्यक्रम तोच करतो. त्याला कुणीतरी सांगितलं की रोल्लात एका म्हाताऱ्याकडं मुका पिक्चर आहे. गडी टाय लावून थेट फ्लॅटवर.

"गनीभाई, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे?" गुणवंत डबा असा धरून बसला होता जसा काही नवजात पोर आहे. "पहिल्या महायुद्धानंतर असे चित्रपट निघायचे. अर्धी बायबलमधली कथा, अर्धी त्यांच्या काळातल्या युद्धाची. तेच नट दोन्हीकडं. आणि पूर खरा! कॉम्प्युटर नव्हते, खरंच टाक्या फोडून पाणी सोडायचे माणसांवर."

"पूर बरा आहे," गनी म्हणाला. "बोट बेकार आहे."

"म्हणजे?"

"फळीला फळी जुळत नाही साहेब. माझ्या बापानं असली बोट बांधली असती तर खाडीतच बुडाली असती. नबीचं नाव खराब."

गुणवंत इतका हसला की रुकय्यानं त्याला जेवायला थांबवूनच घेतलं. ठरलं. शनिवारी दुपारी चार वाजता, मनखूलला एका हॉटेलच्या वरचा हॉल. सत्तर माणसं. प्रोजेक्टरचा बल्ब जाऊन आठ वर्षं झाली होती, तो गुणवंतनं मागवला. "दोनशे दिरहम," असं तो म्हणाला मात्र, आतून रुकय्या ओरडली, "म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! बल्बाला!"

आणि हमदुल्लाला फोन गेला. हमदुल्ला गनीच्याच गावचा, गनीसारखंच इंग्लिश न येणारा, क्रेन चालवायचा, आता अजमानला लेकीकडं असतो. मुसफ्फाच्या कॅम्पात त्यानं हा पिक्चर एकोणीस वेळा बघितला. त्याला पहिली अडीच वर्षं सुट्टीच मिळाली नव्हती. दर वेळी पिक्चर संपला की प्रोजेक्टरपाशी यायचा आणि एकच विचारायचा, "गन्या, पोरगा घरी पोचला ना?"

"पोचला."

"नक्की?"

"अरे तुझ्या डोळ्यांदेखत पोचला."

मग जाऊन झोपायचा. कारण पिक्चरचा शेवट असा आहे: दारात म्हातारी कंदील घेऊन उभी. लांबून रस्त्यावरून शिपायाच्या कपड्यांत एकजण येतो. तोंड अंधारात. एक पाटी येते. मग म्हातारी त्याला मिठी मारते. संपलं. गनी तिथं म्हणायचा, "बघा, धाकटा आला. आला घरी." आणि दीडशे माणूस टाळ्या वाजवायचं.

गुरुवारी संध्याकाळी राहिलच्या हॉलच्या भिंतीवर ट्रायल घेतली. नात इनाया, वय दहा, सोफ्यावर मांडी घालून बसली. ह्या पोरीला दादाची, म्हणजे आजोबाची, गोष्ट तोंडपाठ, लहानपणापासून झोपताना हीच ऐकत आलीय, पण पिक्चर कधी बघितलेला नाही. रीळ फिरलं. पहिली पाटी आली.

"दादा," इनाया म्हणाली, "दे आर नॉट ब्रदर्स."

"काय?"

"इट सेज फ्रेंड्स. कॉलेज फ्रेंड्स."

"मोठा-धाकटा आहेत ते. नाक बघ, सारखं आहे."

"बट इट सेज, दादा!"

राहिल मोबाईलमध्ये तोंड घालून हसत होता, त्याला रुकय्यानं उशी मारली. पुढं तर काही विचारू नका. ज्याला गनी डॉक्टर म्हणायचा तो निघाला पोस्टमन. जिला तो आत्या म्हणायचा ती धाकट्याची होणारी बायको. सदतीस वर्षं गनीनं त्या बिचारीला आत्या करून ठेवली होती. गनी पण हसत होता, खोटं कशाला. पोट धरून हसत होता. शेवटच्या रीळापर्यंत.

म्हातारी दारात आली. रस्त्यावरून शिपाई आला. पाटी आली. इनायानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"वाच."

"दादा, इट्स नॉट हिम." आवाज अगदी बारीक. "इट सेज, हिज फ्रेंड केम होम अलोन. विथ हिज कॅप."

भिंतीवर म्हातारी त्याला मिठी मारत होती. त्याच्या हातात खरंच एक टोपी होती. गनीनं ती टोपी शेकडो वेळा बघितली असेल. शिपाई आहे, टोपी असणारच.

त्यानं प्रोजेक्टर बंद केला. मग तो उठला, रीळ डब्यात घातलं, झाकण लावलं.

"गुणवंतसाहेबांना फोन लाव राहिल. शो कॅन्सल."

"बाबा, वेडे आहात का? लोकांनी—"

"लोकांना वाचता येतं! सगळ्यांना. बँकवाले आहेत ते, मास्तरणी आहेत. सत्तर माणसं वाचणार की पोरगा मेला, आणि मी माईकवर सांगणार आला आला. माझी काय ती इज्जत! आणि हमदुल्ला पहिल्या रांगेत असणार."

"मग खरं सांगा," राहिल म्हणाला.

"हमदुल्लाला?"

राहिलनं मोबाईल खिशात घातला. ज्या माणसाला तुम्ही एकोणीस वेळा 'पोचला' म्हणून सांगितलंय त्याला विसाव्यांदा काय सांगणार?

रुकय्या तोपर्यंत सांदणाचं पीठ बघत होती. सांदणं म्हणजे नारळाच्या दुधातल्या वाफवलेल्या गोड इडल्या, शनिवारसाठी शंभर करायची होती. पीठ भिजलेलं. तिला कॅन्सलबिन्सल परवडणार नव्हतं.

"राहिलचे बाबा, एवढं काय त्यात? तुमचा हात आहे ना? अकरा वेळा लावता तसा बाराव्यांदा लावा. पाटी दिसली नाही की कोण वाचतंय?"

गनीनं तिच्याकडं असं बघितलं की ती पिठाकडं वळली.

"तो हात अदबीचा आहे," तो म्हणाला. "नबीसाठी. माझा खोटेपणा झाकायला तो वापरायचा नाही. कधीच नाही."

ह्या माणसाला जो कुणी खोटारडा म्हणेल त्यानं हे वाक्य कान उघडून ऐकावं.

रात्रभरात पीठ फुगलं तसा गनीही थोडा वर आला. सकाळी चहा घेताना इनायाला शेजारी बसवलं.

"सगळ्या पाट्या तू वाचायच्या. माईकवर. जे लिहिलंय ते. मग मी माझं सांगणार. ज्याला जे पटेल ते."

"लास्ट वन ऑल्सो?"

"ती पण. लिहिलंय ते लिहिलंय."

"बट हमदुल्लादादा..."

"वाचायची, म्हटलं ना."

शनिवारी शारजा ते दुबई ट्रॅफिकनं आपलं काम चोख केलं. अर्ध्या तासाच्या रस्त्याला पावणेदोन तास. मांडीवर सांदणांचे डबे, पायाशी पिक्चरचे डबे, आणि रुकय्याची एकच धास्ती की अदलाबदल झाली तर पाहुण्यांना रीळ वाढलं जाईल. हॉलवर पोचले तर गुणवंत जिन्यातच उभा, बायको शोभना त्याच्या मागं. पहिल्या रांगेत मधोमध हमदुल्ला बसलेला. अरबांसारखा लांब, इस्त्रीचा कंदुरा, अत्तर, हातात काठी. तासभर आधी येऊन जागा धरली होती.

"गन्या! बोट तीच आहे ना? की नवीन बांधली?"

"तीच. गळकी."

गुणवंतनं चार शब्द सांगितले, महायुद्ध, बायबल वगैरे, आता आवर असं शोभनानं खुणेनं सांगेपर्यंत. मग गनीनं माईक घेतला.

"मला इंग्लिश येत नाही. सदतीस वर्षं मी चेहरे बघून गोष्ट सांगितली. परवा कळलं की पुष्कळ चुकीची सांगितली. तर आज माझी नात पाट्या वाचेल, ती खरी. आणि मी सांगेन ती माझी. यल्ला, लाइट बंद करा."

पहिल्या पाटीपासूनच हॉल हसून फुटला. इनाया वाचायची, "ही इज द पोस्टमन." गनी माईकवर, "आमच्याकडं डॉक्टर होते हे. कॅम्पात सगळ्यांना ताप यायचा, पोस्टमन काय कामाचा?" आत्या आली. इनाया, "हिज बिलव्हेड." गनी, "माफ करा बाई." मागच्या रांगेतला एक पोट्टा हसता हसता खुर्चीवरून घसरला.

मग पूर आला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पाणी भिंतीसारखं सरळ माणसांवर कोसळतं, आणि ती माणसं खरी घाबरलेली आहेत हे शंभर वर्षांनंतरही दिसतं. गनीचा हात वर गेला, पडदा काळा झाला, बोटांच्या कडेला ती लाल धग. अंधारात त्याचा आवाज.

"पिक्चरमध्ये नबीची सगळी पोरं बोटीत चढतात. आमच्या गोष्टीत एक चढत नाही. बाप हाक मारतो, ये रे. तो म्हणतो, मी डोंगरावर जाईन, मला काही होत नाही. आणि बुडतो. आई हे सांगायची तेव्हा दर वेळी मी विचारायचो, अजून एकदा हाक मारली असती तर? ती म्हणायची, ते अल्लाचं काम, तू झोप."

हात खाली आला. पडद्यावर नुसतं पाणी. पुढच्या रांगेतून हमदुल्लाचा आवाज, "सात!" तो मोजत होता.

अकरावा हात झाला तेव्हा सगळा हॉल मोजत होता. बँकवाले, मास्तरणी, सगळे. "अकरा!" टाळ्या पडल्या. गनीनं शेवटचं रीळ चढवलं आणि उजवा हात खिशात घातला. मुद्दाम. चुकून वर जायला नको.

म्हातारी दारात. कंदील. लांबून शिपाई. हॉलमध्ये प्रोजेक्टरच्या खर्रखर्रीशिवाय काही नाही. पहिल्या रांगेत हमदुल्ला काठीवर हनुवटी ठेवून पुढं झुकलेला.

पाटी आली.

पांढरी अक्षरं, ठळक, दोन ओळी, झाकायला काही नाही. सत्तर माणसांनी ती वाचली. शोभनाचा हात तोंडावर गेला. गनी पडद्याकडं बघतच नव्हता, इनायाकडं बघत होता. इनाया माईक तोंडाशी धरून उभी. एक सेकंद. दोन.

"देअर इज नथिंग ऑन धिस वन, दादा," ती म्हणाली. स्वच्छ, खणखणीत. "इट्स ब्लँक."

पाटी अजून पडद्यावर होती. मुक्या पिक्चरमधल्या पाट्या फार वेळ राहतात, पूर्वीची माणसं सावकाश वाचायची. कुणीतरी हसेल, खाकरेल, 'अगं असं काय' म्हणेल म्हणून गनीनं खांदे आवळून घेतले. आणि गुणवंत साठे, ज्यानं आयुष्यात कुणाची आकडेवारी चुकीची सोडली नसेल, त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि मोठ्यानं म्हणाला:

"हो. कोरीच आहे. जुनी प्रिंट, अक्षरं उडालीत."

"उडालीत," मागून कुणीतरी म्हणालं.

"काहीच दिसत नाही," शोभना म्हणाली. नाक ओढलं.

"गन्या!" हमदुल्ला काठी आपटून ओरडला. "अरे बोल ना! पोचला का पोरगा?"

गनीनं माईक तोंडाशी नेला. पडद्यावर म्हातारी हात पसरून पुढं येत होती.

"नबीचा पोरगा माझ्या हातात नव्हता," तो म्हणाला. "हा आहे. पोचला. तुझ्या डोळ्यांदेखत पोचला."

मुसफ्फाच्या कॅम्पात सुद्धा एवढ्या टाळ्या पडल्या नसतील. हमदुल्ला शेजारच्या बाईंना समजावत होता, अगदी हक्कानं, "मी सांगत होतो ना तुम्हाला, येतो तो. शेवटी येतोच." आणि त्या बाई, कुठल्याशा शाळेत इंग्लिश शिकवणाऱ्या, मान डोलवत होत्या.

रीळ संपून शेपूट फट फट वाजत राहिलं, पडदा पांढरा लख्ख. पोरं लगेच उजेडात हात घालून कुत्री, ससे करायला लागली. रुकय्या सांदणांचा डबा घेऊन रांगेतून फिरत होती आणि प्रत्येकाला सांगत होती की नारळ फ्रेश आहे, पावडर नाही.

गनी वाकून रीळ काढत होता. इनाया शेजारी डब्याचं झाकण धरून.

"काय लिहिलं होतं पाटीवर?" त्यानं हळूच विचारलं.

"आय टोल्ड यू. ब्लँक."

"खोटं बोलतेस दादाशी?"

"यू स्टार्टेड इट," इनाया म्हणाली, आणि झाकण लावलं.

बुधवारी विमानतळावर बॅगांचं वजन बरोबर भरलं, पातेल्यांसकट. सहा डबे त्यात नव्हते. ते रोल्लालाच आहेत, इनायाच्या पलंगाखाली. दुपारी कुणी नसताना ती आरशासमोर उभी राहून हात वर करायची प्रॅक्टिस करते. अर्धा सेकंद आधी. अकरा वेळा.